जुन्याचं हेड, नव्याची वायर

सकाळी ६.४०

डेट्रॉइटची उत्तरेकडची वेस म्हणजे एट माइल रोड. तो ओलांडला की हेझल पार्क. जॉन आर रस्त्यामागच्या गल्लीत सिमेंटच्या ठोकळ्यांची एक बसकी इमारत आहे. दोन शटरं. आत तीन गाड्या जेमतेम मावतात. भाडं महिन्याला १,७०० डॉलर. मालक शटर हातानेच वर ढकलतो. शटरची मोटर हिवाळ्यात जळली. दुरुस्तीचे चारशे सांगितले. चारशेत एका गिऱ्हाइकाचा इनटेक मॅनिफोल्ड येतो, असं म्हणत तो खांदा लावतो.

एप्रिल संपत आलाय. रस्त्यांवरचं मीठ पावसाने धुऊन गेलंय. मिशिगनमध्ये हिवाळाभर बर्फावर मीठ टाकतात आणि त्या मिठात जुनी गाडी कोणी बाहेर काढत नाही. त्यामुळे आत्ता गॅरेजची सुगी सुरू आहे.

आधी हीटर, मग कॉम्प्रेसर, मग कॉफी. कॉम्प्रेसरची टाकी भरेपर्यंत तो फळ्यासमोर उभा राहतो. खडूने लिहिलेल्या दोन ओळी. ‘नोव्हा: हेड, मॅनिफोल्ड, स्टार्ट.’ ‘कमारो: पेडल आणणे, स्प्रिंगा, कॅम, वायरिंग.’

नोव्हा १९७२ ची. तिच्यात तिचंच ३५० चं इंजिन आहे. कमारो १९८४ ची, पण तिच्यात बसणार आहे २००३ च्या एका ट्रकचं ५.३. पहिला आकडा घन इंचांचा, दुसरा लिटरचा. ३५० घन इंच म्हणजे ५.७ लिटर, तेव्हा आकाराने दोन्ही इंजिनं जवळजवळ सारखीच. दोन्ही शेवरोलेची, दोन्ही व्ही-एट. आणि दोन्ही गिऱ्हाइकांनी आधीच सांगून ठेवलंय: मजुरी धरून तीन हजार डॉलर, वर काही नाही.

सकाळी ७.१०

मदतनीस येतो. पंचविशीचा आहे. तासाला १९ डॉलर. आल्याआल्या तो टेबलावर एक भलंमोठं काळं भेंडोळं ओततो. ट्रकच्या इंजिनाचा वायरिंग हार्नेस. आजचा त्याचा बहुतेक दिवस या टेबलाशी जाणार. हातात कटर, टेपची तीन रिळं, आणि वायरींच्या नकाशाचे छापलेले कागद. कागदांना ग्रीसचे अंगठे लागलेले आहेत.

मालक अठ्ठावन्न वर्षांचा. डाव्या गुडघ्याला पट्टा. तो नोव्हाकडे वळतो.

सकाळी ७.३०

बॉनेट काढून भिंतीला टेकवलंय. ब्लॉक उघडा. आठही पिस्टनची डोकी दिसतात. जुनी हेडं काल उतरवली, ती कोपऱ्यात पडली आहेत. नवी हेडं बाकावर. नवी म्हणायची एवढंच. ती १९९७ च्या एका भंगार ट्रकमधली आहेत.

‘मसल कार’ या गाड्यांची रीत सोपी होती. मध्यम आकाराची, मध्यम किमतीची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठं व्ही-एट बसवायचं. १९६४ च्या पॉन्टिअॅक जीटीओपासून हे वेड पसरलं. ३८९ घन इंच, ३२५ हॉर्सपॉवर. मग १९७१ मध्ये जनरल मोटर्सने कमी शिशाच्या आणि बिनशिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन खाली आणलं. १९७२ मध्ये मोजायची पद्धतही बदलली. आधी इंजिन उघडंबोडकं स्टँडवर चालवून मोजायचे. आता अल्टरनेटर, एअर फिल्टर, सायलेन्सर असं सगळं लावून मोजायला लागले. दोन्ही बाजूंनी आकडे घसरले. या नोव्हाच्या इंजिनाची नोंद १६५ हॉर्सपॉवरची आहे.

हे इंजिन सुस्त आहे, पण त्याचा खालचा भाग भक्कम आहे. क्रँक, ब्लॉक, बेअरिंगं यांना हात लावायची गरज नाही. श्वास कोंडतो तो हेडात. म्हणून थोड्या पैशात काम करायचं तर हेडापासून.

१९९६ ते १९९९ या काळात शेवरोलेच्या ट्रकवर याच ३५० ची शेवटची पिढी येत होती. तिची हेडं बिडाचीच, पण हवेचे मार्ग फार चांगले. ती १९७२ च्या ब्लॉकवर सरळ बसतात. पंचवीस वर्षांत कंपनीने ब्लॉकवरच्या बोल्टांच्या जागा हलवल्याच नाहीत. भंगाराच्या यार्डात जोडी दीडशे डॉलरला मिळते. जुन्या हेडाची पोकळी ७६ घन सेंटिमीटरची, या हेडाची ६४ ची. जागा आवळली की दाब वाढतो. साडेआठचं कॉम्प्रेशन साडेनऊच्या आसपास जातं, पिस्टन न बदलता.

मला हे फार आवडतं. एका जुन्या इंजिनाला त्याच्याच धाकट्या भावाचं हेड मिळतं, आणि तेही भंगारातून.

पण दीडशेवर भागत नाही. या हेडांना भेगा जाण्याची खोड आहे. पहिली जोडी चुंबकाच्या भुकटीने तपासली तर एका हेडात दोन व्हॉल्व्हच्या मधोमध बारीक रेघ निघाली. ती जोडी भंगारात परत. दुसरी जोडी तपासणं, धुणं, व्हॉल्व्ह घासून बसवणं, नवे सील, याचे मशीन शॉपवाल्याने २६० घेतले. मग मॅनिफोल्ड. जुना मॅनिफोल्ड प्रत्येक बाजूला सहा बोल्टांनी बसतो, या हेडांना चारच, आणि तेही वेगळ्या कोनात. म्हणजे नवा मॅनिफोल्ड, ३२०. जुनी रॉकर कव्हरं कडेच्या बोल्टांची, या हेडांना मधल्या बोल्टांची लागतात. आणखी ६०. एग्झॉस्टची ऊब कार्बोरेटरखाली नेणारा मार्ग या हेडांत नाही, म्हणून चोक विजेचा.

सकाळी ८.४५

ब्लॉकची सपाटी तो रेझरच्या पात्याने खरवडतो. जुन्या पॅकिंगचा कण राहता कामा नये. मग कापडाने, मग पुन्हा नखाने. नखाला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही, असं त्याचं मत.

हेडचं पॅकिंग ठेवतो. हेड दोन्ही हातांनी उचलतो. बिडाचं धूड आहे. कमरेतून न वाकता गुडघ्यातून खाली जातो आणि दोन पिनांवर बरोबर सोडतो. आवाज होत नाही.

एका हेडाला सतरा बोल्ट. या इंजिनात बोल्टांची भोकं थेट पाण्याच्या वाटेत उघडतात. म्हणून प्रत्येक बोल्टाला पांढरा सीलंट फासायचा. तो फासतो, सगळे बोल्ट हाताने फिरवून बसवतो, मग टॉर्कचा पाना घेतो. मधून सुरुवात, गोल गोल बाहेर. पहिल्या फेरीला २५ फूट-पाउंड, दुसरीला ४५, तिसरीला ६५. दोन हेडं, चौतीस बोल्ट, तीन फेऱ्या. एकशे दोन वेळा पाना ‘टक’ करतो. तो मोजत नाही. क्रम खांद्यातच बसलाय.

मग पुशरॉड, रॉकर. पुशरॉड बोटात धरून फिरवत रॉकरचा नट आवळत जायचा. बोटाला अडखळ लागली की थांबायचं. तिथून अर्धा फेरा आणखी. असं सोळा वेळा. इथे कसलंही यंत्र नाही. दोन बोटं आणि एक पाना.

सकाळी १०.१०

नोव्हाचे मालक येतात. सत्तरी ओलांडलेले. तीस वर्षं असेंब्ली लाइनवर उभे राहिले, आता पेन्शनीत आहेत. मफिन आणलेत. इंजिनात डोकावून बघतात, पण हात खिशातच ठेवतात. दुसऱ्याच्या कामावर हात टाकायचा नाही ही सवय असावी.

“कार्बोरेटर ७५० चा घ्यावा म्हणतो,” ते म्हणतात. “शेजाऱ्याने तोच बसवलाय.”

“तुम्ही ६०० चाच ठेवा,” मालक म्हणतो. खडू घेऊन फरशीवरच हिशेब मांडतो. ३५० गुणिले ५,५०० फेरे, भागिले ३,४५६. उत्तर ५५७. मिनिटाला इतके घनफूट हवा इंजिन जास्तीत जास्त ओढेल, तीही प्रत्येक सिलिंडर दर वेळी पूर्ण भरला तर. “मोठा लावलात तर खालच्या फेऱ्यांना अडखळेल. सिग्नलवरून निघताना मजा येणार नाही. वाचलेल्या पैशांतून मागच्या गिअरचा रेशो बदलू. तो पाठीला जाणवेल.”

ते उत्तराकडे बघत राहतात. मग मान डोलावतात. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची ड्रीम क्रूझ असते. १९९५ पासून चालू आहे. त्यांना त्या दिवशी ही गाडी घेऊन फर्नडेलपासून पाँटिअॅकपर्यंत जायचंय. कोणाशी शर्यत नाही. बायको शेजारी बसणार आहे.

सकाळी १०.५०

आम्ही यार्डात जातो. कमारोवाला पोरगा थेट रात्रपाळीवरून तिथे आलाय. गोदामात माल लावतो, तासाला साडेएकवीस डॉलर. डोळे लाल आहेत.

यार्डात शिरायचे दोन डॉलर. अवजारं आपली आपण आणायची, गॅस कटर चालत नाही. गाड्या चाकांच्या रिंगांवर उभ्या करून ओळीने मांडलेल्या. ट्रकच्या ओळी सर्वांत लांब. मालक त्यांच्यातून चालताना थांबत नाही, दुरूनच ओळखतो.

५.३ इतकं स्वस्त का, ते इथे दिसतं. १९९९ पासून हे इंजिन लाखो ट्रकांत बसलं. मिठाने ट्रकचं अंग खाल्लं, चासी गंजली, ब्रेकच्या नळ्या फुटल्या. इंजिन मात्र चांगलं राहिलं. बिडाचा ब्लॉक, प्रत्येक मुख्य बेअरिंगच्या टोपीला सहा बोल्ट, अॅल्युमिनिअमची हेडं. याच घराण्यातलं थोरलं इंजिन, एलएस-वन, १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये आलं. ट्रकमधलं हे त्याचंच गरीब रूप. पोराने ते हार्नेस आणि संगणकासकट ४५० ला घेतलं. कागदावर २८५ हॉर्सपॉवर. त्याच्या कमारोतलं मूळचं ३०५ चं इंजिन दीडशेचं. म्हणजे एकही बोल्ट न सोडवता ताकद जवळपास दुप्पट.

फक्त विकणाऱ्याने पेडल दिलं नाही. २००३ च्या या इंजिनाला अॅक्सिलरेटरची केबल नाही. पेडलमधून विजेचा संदेश जातो. त्यामुळे ट्रकचंच पेडल लागतं, आणि इंजिन व केबिनमधल्या भिंतीवर बसवलेली एक चपटी पेटीही, जी तो संदेश वाचते. दोन्ही एकाच पिढीची हवीत.

पोरगा ट्रकच्या केबिनमध्ये उताणा शिरतो. पाय बाहेर. मालक बाहेरून सांगतो, “वरचा नट आधी. क्लिप तोडू नकोस, दाब आणि ओढ. क्लिप तुटली तर वायर हलत राहील आणि गाडी कुठेही बंद पडेल.”

वीस मिनिटांत दोन्ही वस्तू हातात. खिडकीवर ४२ डॉलर. पोरगा नोटा मोजताना पुटपुटतो, “दोन तास.” तो सगळं तासांतच मोजतो.

दुपारी १२.३०

कोनी डॉग. सॉसेजवर खिमा, कच्चा कांदा, मोहरीचा सॉस. डेट्रॉइटच्या कामगारांचं हे जुनं जेवण. सगळे उभ्यानेच खातात.

तेवढ्यात एक तरुण २०१८ ची मस्टँग घेऊन दारात येतो. पाच लिटर, ४६० हॉर्सपॉवर, कंपनीतूनच. विचारतो, पाचशे डॉलरमध्ये काय वाढवता येईल? मालक टायरकडे बघतो. मागचे घासलेत.

“टायर,” तो म्हणतो. “आहे ती ताकद आधी रस्त्याला लागू दे.”

त्या इंजिनात चार कॅमशाफ्ट आहेत आणि प्रत्येक सिलिंडरला पेट्रोलचे दोन-दोन इंजेक्टर. कॅम बदलायचे म्हटले तर नुसते सुटे भागच फार महाग. त्यानंतरच्या गाड्यांचं आणखी कठीण. २०२४ पासूनच्या मस्टँगचा संगणक कंपनीने असा बंदिस्त केला की बाहेरच्या माणसाला आत शिरणं फार अवघड झालं. चॅलेंजर २०२३ च्या अखेरीला बंद झाली, कमारोही. मालक याबद्दल काही बोलत नाही. कागद चुरगाळून टाकतो आणि हात धुतो.

दुपारी १.००

आता ५.३. ते स्टँडवर आहे, त्याला भोवती फिरून काम करता येतं. गुडघ्याला आराम.

आधी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. जास्त उचलणारा कॅम घालायचा तर मूळच्या स्प्रिंगा कमी पडतात. सोळा नव्या स्प्रिंगा, ९० डॉलर. त्यासाठी हेड उतरवायचं नाही. हेड उतरवलं की नवी पॅकिंगं आली, नवे बोल्ट आले. कारण या इंजिनाचे हेडबोल्ट एकदाच ताणायचे असतात, पुन्हा वापरायचे नाहीत. ३५० चे बोल्ट किती वेळा तरी चालतात. जुन्या आणि नव्यातला हा फरक छोटा वाटतो, पण खिशाला जाणवतो.

स्प्रिंग काढली की व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडेल. म्हणून तो प्लगच्या भोकातून नायलॉनची दोरी आत सोडत जातो. हातभर, दोन हात, आणखी. मग क्रँक हाताने फिरवतो. पिस्टन वर येतो, दोरीचा गोळा व्हॉल्व्हखाली दाबला जातो, व्हॉल्व्ह जागच्या जागी. स्प्रिंग दाबायची, दोन बारीक खुंट्या चुंबकाने उचलायच्या, जुनी काढायची, नवी घालायची. दोरीचं टोक बाहेर राहिलंय ना ते प्रत्येक वेळी बघायचं. दोरीची किंमत काहीच नाही.

दुपारी २.१५

पुढची पुली निघत नाही. तिचा मधला बोल्ट भयंकर आवळलेला असतो. तीन फुटांचा पाइप पान्याच्या दांडीवर चढवतो, मदतनीस फ्लायव्हीलमध्ये टॉमी अडकवून धरतो. मालक पाइपवर सगळं वजन टाकतो. पाइप वाकल्यासारखा वाटतो. मग एक कर्कश आवाज आणि बोल्ट सुटतो. दोघेही थोडा वेळ श्वास घेतात.

कॅम काढायची युक्ती बघण्यासारखी. या इंजिनात टॅपेटना खाली चाकं असतात आणि वर प्लॅस्टिकच्या खोबणी. रॉकर काढून कॅम दोन-चार वेळा फिरवला की सगळे टॅपेट वर जाऊन त्या खोबणीत अडकून बसतात. मग दोन लांब सळ्या पुढून आत सरकवायच्या, टॅपेट खाली पडू नयेत म्हणून. आणि कॅम समोरून सरळ बाहेर. जुन्या ३५० ला यासाठी वरचा मॅनिफोल्ड उघडून प्रत्येक टॅपेट हाताने उपसावा लागतो.

कॅम तो दोन्ही हातांनी, फिरवत फिरवत बाहेर घेतो. बेअरिंगला ओरखडा येता कामा नये. कपाळावर घाम आलाय, खोलीत गारवा असून. दुसऱ्या कोणीतरी वापरून काढलेला १५० डॉलरचा कॅम आत जातो.

मग तो इंजिन उलटं करतो. ट्रकचं ऑइल पॅन खोल असतं, कमारोच्या खाली घासेल. दुसरं पॅन २३० ला आणलंय. ते बसवण्याआधी तो तेल ओढणाऱ्या नळीची रबरी रिंग बदलतो. रिंग अगदी स्वस्त, पण ती चिरली की पंप तेलाऐवजी हवा ओढतो आणि बेअरिंगं जातात. जुनी रिंग तो मला दाखवतो. बोटात मोडते.

दुपारी ३.२०

हार्नेसचं टेबल. मदतनिसाने सकाळपासून निम्मा संपवलाय. ट्रकच्या गिअरबॉक्सच्या वायरी बाहेर, कारण कमारोत जुनाच गिअरबॉक्स राहणार. जे राहील त्याला टेप आणि टेपवर नाव: इंजेक्टर एक, कॉइल एक, क्रँक सेन्सर. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर नाही. आठ सिलिंडरांना आठ कॉइल, आणि ठिणगी कधी टाकायची ते संगणक ठरवतो. तयार हार्नेस विकत मिळतो, सहाशेच्या पुढे. हा टेबलावरचा मजुरीत होतो. पण चूक झाली तर शोधायला दिवस जातो, म्हणून तो घाई करत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमागच्या सेन्सरच्या वायरी तो कापत नाही. मिशिगनमध्ये गाड्यांची धुराची वार्षिक तपासणी नाही, पण कन्व्हर्टर काढायला केंद्रीय कायद्याने बंदी आहे. मालकाची तर सक्त ताकीदच आहे.

नव्या इंजिनाचे पैसे इथेच जातात. धातू स्वस्त पडला, आता भोवतालचं महाग. कार्बोरेटरला पेट्रोल सहा पाउंड दाबाने पुरतं, याला ५८ लागतो. म्हणजे टाकीत नवा पंप. दाब आवरायला मालक १९९९ च्या कॉर्व्हेटचा फिल्टर वापरतो. त्यातच रेग्युलेटर असतो, ४५ डॉलर. वेगळा रेग्युलेटर घेतला तर तिप्पट. मग संगणकाची शिकवणी. ट्रकचा संगणक चोरी रोखायला किल्लीची खूण शोधतो. ती सापडली नाही की इंजिन सुरू होऊन लगेच बंद पडतं. ते कुलूप काढायचं, नव्या कॅमप्रमाणे आकडे बदलायचे. त्यासाठी लॅपटॉपवाला येतो, ३५० डॉलर घेतो.

माझा एक मित्र सांगलीचा. इथल्या एका कंपनीत हेच काम दुसऱ्या टोकाला करतो, कॅलिब्रेशन. डेट्रॉइटच्या मराठी मंडळींत असे बरेच जण आहेत. कंपन्या एकेका इंजिनाचे तक्ते भरायला गाडी हिवाळ्यात उत्तरेच्या बर्फात नेतात, उन्हाळ्यात डेथ व्हॅलीत, आणि विरळ हवेसाठी कोलोरॅडोच्या डोंगरावर. तक्त्यात हजारो घरं. इथे लॅपटॉपवाला एका दुपारी जेवढी घरं बदलायची तेवढीच बदलतो. बाकीची शहाणपणाने तशीच ठेवतो. म्हणूनच हे ३५० डॉलरमध्ये बसतं. कंपनीने वर्षानुवर्षं केलेलं काम इंजिनाबरोबर भंगारातून फुकट येतं.

दुपारी ४.३०

नोव्हा सुरू करायची वेळ.

आधी तेल. डिस्ट्रिब्युटर न बसवता त्याच भोकातून एक जुना दांडा आत जातो, त्याचे दाते घासून काढलेले. वरून ड्रिल लावलं की तेलाचा पंप फिरतो. काटा हळूहळू वर, ४५ वर थांबतो. सोळाही रॉकरमधून तेल पाझरलेलं तो टॉर्चने बघतो. मग डिस्ट्रिब्युटर, वायरी, पाणी.

जुन्या इंजिनातला सर्वांत धोक्याचा अर्धा तास हा. हेडांबरोबर कॅम आणि टॅपेटही नवे घातलेत. इथले टॅपेट चपटे. त्यांना चाकं नाहीत. ते कॅमवर घासत चालतात. नव्या कॅमची आणि टॅपेटची पहिल्या वीस मिनिटांत सोयरीक जमली तर जमली. नाही तर कॅमचं टोक झिजून जातं आणि लोखंडाची भुकटी सगळ्या बेअरिंगांतून फिरते. २३० डॉलरचा कॅम जातो, वर पूर्ण इंजिन उघडावं लागतं. आजच्या साध्या तेलात जस्ताचं मिश्रण कमी असतं, कारण ते कन्व्हर्टरला बाधतं. म्हणून जस्ताचं वेगळं तेल. तेल, फिल्टर मिळून ६०.

कार्बोरेटर आधीच पेट्रोलने भरलेला. फिरवत बसायचं नाही, पहिल्या झटक्यात लागलं पाहिजे. मालक किल्ली नोव्हावाल्यांच्या हातात देतो. स्वतः बॉनेटच्या जागी उभा, एक हात डिस्ट्रिब्युटरवर.

दुसऱ्याच फेऱ्याला लागतं.

“आयडलवर आणू नका! दोन हजारावर धरा!”

इमारत हादरते. मॅनिफोल्डवरचं तेल जळून धूर निघतो. मदतनीस दुसरं शटर उघडतो. मालक टायमिंग लाइट रोखतो, डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवतो. फेरे दोन हजार ते अडीच हजार. घड्याळ टेबलावर. कोणी बोलत नाही, बोललं तरी ऐकू येणार नाही. बाराव्या मिनिटाला पाण्याचा एक पाइप गळायला लागतो. इंजिन न थांबवता मदतनीस स्क्रू-ड्रायव्हरने क्लिप आवळतो. हाताला चटका बसतो, तो हात झटकतो आणि पुन्हा आवळतो.

वीस मिनिटं झाली. पाय काढतात. इंजिन खाली येतं आणि एका लयीत बसतं.

५.३ ला असं काही लागणार नाही. चाकांचे टॅपेट, संगणक, किल्ली फिरवली की झालं. थंडीतही. तरी त्या वीस मिनिटांत जुनं इंजिन सुरू करणाऱ्याचे दोन्ही हात, कान, नाक कामाला लागतात. पैशाला पैसा तोलला तर ५.३ ला तोड नाही, हे मलाही मान्य. पण ज्याला इंजिन हाताने समजून घ्यायचंय, त्याने आपले तीन हजार ३५० वरच घालावेत.

गरम तेल काढतात. फिल्टर कापून उलगडतात, घड्या उजेडात धरतात. चमक नाही. कॅम वाचला.

संध्याकाळी ५.५०

बिल. नोव्हाचे सुटे भाग आणि मशीन शॉप मिळून १,४०५. मजुरी तासाला ९० ने. कामाला सोळा तास लागले. मालक बारा लिहितो, १,०८०. एकूण २,४८५. पहिल्या भेगाळलेल्या जोडीपायी गेलेला वेळ गिऱ्हाइकाच्या माथी का, असं तो म्हणतो. कुठल्याही अंदाजपत्रकात हे चार तास सापडत नाहीत. ते लावले असते तर पेन्शनवाल्या माणसाचं बिल बरंच वाढलं असतं.

“ताकद किती निघेल?” ते विचारतात.

“अडीचशेच्या वर. शंभर मैल सांभाळून चालवा, मग तेल बदलायला या. गिअरचं तेव्हा बघू.”

ते चेक लिहितात. मदतनिसाच्या हातात वेगळे वीस ठेवतात. त्याच्या भाजलेल्या बोटांकडे बघून आणखी दहा.

संध्याकाळी ६.१५

पोरगा पाळीवर जाता जाता डोकावतो. सातला हजेरी. चार तास झोपलाय.

मालक त्याच्या कमारोचा कागद पुढे ओढतो. सुटे भाग १,९२७ पर्यंत जाणार. इंजिन धरून, लॅपटॉपवाला धरून, पंप धरून. मजुरी अकरा तास, ९९०. मिळून २,९१७. तीन हजाराच्या आत, पण ८३ डॉलरच उरतात. आणि पंपाचे १२० अजून दिलेले नाहीत.

“पगार कधी?”

“शुक्रवारी.”

“मग पंप शुक्रवारी. टाकी उतरवण्याचे तास मी यात धरलेले नाहीत. ती तू स्वतः उतरव. शनिवारी सकाळी ये, जॅक देतो, कशी ते दाखवतो. येताना टाकी रिकामी करून आण, भरलेली टाकी तुला एकट्याला पेलायची नाही.”

“किती वाजता येऊ?”

“आठला. आणि झोपून ये.”